पुढच्या चाकांवर धावणाऱ्या ड्रॅग कारसाठी लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल कसं निवडावं

ड्रॅग रेसमध्ये वळण नसतं. ४०२ मीटर सरळ रस्ता, एक गाडी, एक लेन. डिफरेन्शियलचं मूळ काम वळणावर आतल्या आणि बाहेरच्या चाकाला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणं हे आहे. वळणच नाही, तर डिफरेन्शियलमध्ये एवढं डोकं का घालायचं?

कारण साधं, ओपन, म्हणजे नेहमीचं साधं डिफरेन्शियल दोन्ही चाकांना कायम सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतं. तराजूच्या दांडीसारखं त्याचं वागणं असतं: एका पारड्याने आधार सोडला की दुसऱ्यालाही जोर मिळत नाही. डाव्या चाकाखाली चांगलं रबर बसलेला रस्ता आणि उजव्याखाली धूळ असेल, तर उजवं चाक जेवढं पेलू शकतं तेवढाच टॉर्क डाव्यालाही मिळतो. बाकीची ताकद उजवं चाक जागेवर फिरवण्यात जाते. रस्त्यावर एकच काळा पट्टा उमटतो आणि पहिल्या १८ मीटरमध्येच, म्हणजे ड्रॅगवाले ज्याला साठ फुटांचा टाइम म्हणतात तिथेच, रेस हातची जाते.

एलएसडी, म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल, घेण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्यायला हवी. कुठलंही डिफरेन्शियल ग्रिप तयार करत नाही. टायर आणि रस्ता यांच्यात जेवढी ग्रिप आहे, त्यातली किती वापरता येईल एवढंच ते ठरवतं. म्हणून निवडीचा खरा प्रश्न ब्रँडचा नसून गणिताचा आहे: धावण्याच्या सगळ्यात वाईट क्षणी तुमच्या दोन पुढच्या चाकांच्या ग्रिपमध्ये किती पटीचा फरक पडतो?

आधी आकडे

उदाहरणासाठी पुढच्या चाकांच्या ड्रॅगमध्ये खूप वापरली गेलेली गाडी घेऊ: होंडा सिव्हिक ईके हॅचबॅक, बी-सीरिज इंजिन, टाईप आरचा गिअरबॉक्स. व्हीलबेस २६२० मिमी. ड्रायव्हरसकट वजन १००० किलो, त्यातलं ६२ टक्के पुढे आणि गुरुत्वमध्याची उंची ५०० मिमी धरू.

गाडी सुटली की वजन मागे सरकतं. किती सरकतं ते काढायला वजनाला प्रवेगाने आणि गुरुत्वमध्याच्या उंचीने गुणायचं आणि व्हीलबेसने भागायचं. चांगल्या स्लिकवर, म्हणजे नक्षी नसलेल्या रेसच्या टायरवर, घर्षणाचा गुणांक १.४ धरला, तर ही गाडी जास्तीत जास्त ०.६८ जी प्रवेग घेऊ शकते आणि त्या वेळी सुमारे १३० किलो पुढून मागे जातात. पुढे उरतात ४९० किलो, म्हणजे एका चाकावर २४५. टायरची त्रिज्या ०.३ मीटर धरली, तर एक चाक सुमारे १००० न्यूटन-मीटर टॉर्क पेलतं, दोन्ही मिळून २०००.

आता इंजिनाकडे पाहा. टर्बो नसलेलं १८० न्यूटन-मीटरचं इंजिन, पहिला गिअर ३.२३, फायनल ड्राइव्ह ४.४. नुकसान वजा करून चाकांवर २३०० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क पोहोचतो. म्हणजे साधं इंजिनसुद्धा पहिल्या गिअरमध्ये स्लिकना हरवतं. दुसऱ्या गिअरमध्ये, २.१च्या रेशोला, हाच आकडा १५०० होतो आणि टायर वरचढ ठरतात. टर्बो बसवून ४०० न्यूटन-मीटर काढलेत, तर दुसऱ्यातही ३३०० येतात. याचा अर्थ, टर्बो नसलेल्या गाडीत डिफरेन्शियलची परीक्षा पहिल्या दीड-दोन सेकंदांची असते, टर्बो गाडीत ती तिसऱ्या गिअरपर्यंत चालते. निवड इथूनच वेगळी होऊ लागते.

आता एका चाकाखालची ग्रिप कमी करून बघू. डावं १००० पेलतंय, उजव्याखाली गुणांक ०.९ झाला म्हणून ते ६५० वर आलं. ओपन डिफरेन्शियल दोन्हीकडे ६५० देईल, एकूण १३००. हेलिकल, म्हणजे तिरक्या गिअरच्या एलएसडीचा टॉर्क बायस रेशो २.५ असेल, तर ते डाव्याला उजव्याच्या अडीच पटीपर्यंत देऊ शकतं. इथे गरज दीड पटीचीच आहे, त्यामुळे डाव्याला पूर्ण १००० मिळतात, एकूण १६५०. स्पूल, म्हणजे दोन्ही एक्सल कायमचे एकत्र लॉक करणारा ठोकळा, बसवला तरी बेरीज तीच, १६५०. ओपनपेक्षा सव्वापटीहून जास्त, पण हेलिकल आणि स्पूलमध्ये काहीच फरक नाही.

दुसरा प्रसंग. गाडी सुटताना चाक उड्या मारू लागलं आणि उजवं चाक क्षणभर जवळजवळ हवेत गेलं, त्याची क्षमता १०० वर आली. ओपन देईल २००. हेलिकल देईल १०० आणि त्याच्या अडीचपट २५०, एकूण ३५०. चारच्या आसपास रेशो असलेलं, घर्षणाच्या प्लेट दाबून लॉक होणारं प्लेट टाईप ५००च्या जवळ जाईल, प्रीलोडमुळे, म्हणजे प्लेटवर आधीपासून असलेल्या दाबामुळे, थोडं वरही. स्पूल मात्र १०० अधिक १०००, म्हणजे ११०० देईल. इथे हेलिकल उघडं पडतं.

पण दुसऱ्या प्रसंगाचा इलाज स्पूल घेणं हा नाही. चाक उडतंच का, ते आधी थांबवायला हवं. स्पूल बसवून उडणाऱ्या चाकावर ताकद लादली, तर चाक परत जमिनीवर आदळताना तो सगळा झटका एका एक्सलवर येतो आणि एक्सलच्या टोकाच्या सांध्याचा, म्हणजे सीव्ही जॉइंटचा, पिंजरा फुटतो.

प्रकार, ड्रॅगच्या नजरेतून

हेलिकल, म्हणजे गिअर टाईप. यात तिरक्या दात्यांचे छोटे गिअर केसिंगमधल्या खाचांत बसलेले असतात. टॉर्क आला की ते बाजूला आणि टोकांकडे ढकलले जातात, घर्षण वाढतं आणि जास्त ग्रिपच्या चाकाकडे टॉर्क वळतो. प्लेट नाहीत, त्यामुळे झीज जवळजवळ नाही, वेगळं तेल लागत नाही आणि स्टिअरिंग हाताला शांत लागतं. होंडाने इंटेग्रा टाईप आर आणि ईके९ सिव्हिक टाईप आरला कारखान्यातूनच हे दिलं. बाजारात क्वाइफ, एमफॅक्टरी, वेव्हट्रॅक ही नेहमीची नावं. रेशो साधारण दोन ते तीन. मर्यादा वर पाहिलीच: शून्याला कितीनेही गुणलं तरी शून्य. वेव्हट्रॅकमध्ये दोन साइड गिअरच्या मध्ये लाटेच्या आकाराची जोडी असते. एक चाक मोकळं फिरू लागलं की ती जोडी एकमेकीवर चढते आणि आतून दाब निर्माण करते, म्हणून तिथे शून्याची अडचण बरीच कमी होते.

प्लेट टाईप. स्टीलच्या आणि घर्षणाच्या प्लेट एकाआड एक, दोन प्रेशर रिंग आणि त्यांच्या तिरक्या खाचांत बसलेला पिनियनचा आडवा शाफ्ट. टॉर्क आला की शाफ्ट खाचांच्या उतारावर चढतो, रिंग फाकतात, प्लेट दाबल्या जातात. कुस्को, काझ, ओएस गिकेन यांची ही परंपरा. लॉकिंग तीन गोष्टींवर ठरतं: उताराचा कोन, घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या आणि सुरुवातीचा दाब, म्हणजे प्रीलोड. बहुतेक ठिकाणी कोन असा मोजतात की आकडा लहान तितकं लॉकिंग जास्त: ४५ अंशांपेक्षा ३० अंश घट्ट, आणि ८०-८५ अंशांना जवळजवळ काहीच नाही. पण काही उत्पादक कोन उलट बाजूने मोजतात, म्हणून दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्याआधी दोघांची आकृती पाहा.

वन-वे फक्त ॲक्सिलरेटर दाबल्यावर लॉक होतं, टू-वे सोडल्यावरही तितकंच, दीड-वे सोडल्यावर थोडं. पुढच्या चाकांच्या गाडीत टू-वे टाळा. शेवटच्या रेषेनंतर ॲक्सिलरेटर सोडून ब्रेक लावताना लॉक झालेली पुढची चाकं स्टिअरिंगला उत्तर देत नाहीत, गाडी आहे त्या रेषेत ओढत राहते. ती रेष भिंतीकडे जात असेल तर? ड्रॅगसाठी वन-वे किंवा दीड-वे पुरेसं आहे.

स्पूल. डिफरेन्शियलच नाही, दोन्ही एक्सल एका ठोकळ्याला. हलका, भक्कम, तुटायला आत काही नाही. स्लिकवर धावणाऱ्या, ट्रेलरवरून येणाऱ्या, पाचशे अश्वशक्तीच्या पुढच्या टर्बो गाड्यांत हा सर्रास दिसतो आणि तिथे तो बरोबरच आहे. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत मात्र अजिबात नको. प्रत्येक वळणावर एक टायर घासत जातो, एक्सल पिळला जातो, आणि पार्किंगमध्ये गाडी वळवण्यापेक्षा ढकलणं सोपं जातं.

वेल्डिंग करून लॉक केलेलं डिफरेन्शियल याबद्दल एकच वाक्य: ते करू नका, कारण गिअरचं पोलाद वेल्डच्या कडेने ठिसूळ होतं आणि तुटलेला तुकडा क्राऊन, म्हणजे डिफरेन्शियल फिरवणारा मोठा गिअर, आणि केसिंग यांच्यात गेला की अख्खा गिअरबॉक्स फुटतो.

व्हिस्कस, म्हणजे आतल्या घट्ट द्रवावर चालणारा प्रकार आधी चाक घसरू देतो आणि मग जागा होतो, ड्रॅगला तेवढा वेळ नसतो. नव्या गाड्यांमध्ये ब्रेक लावून एलएसडीची नक्कल करणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते, ती घसरणाऱ्या चाकावर ताकद ब्रेकमध्ये जाळते. रेसच्या दिवशी ती बंद करता येते का ते बघा.

आपल्याकडची धावपट्टी

अमेरिकेतल्या ड्रॅग स्ट्रिपवर चिकट द्रव मारून आणि रबर ओढून पृष्ठभाग तयार करतात, दोन्ही चाकांखाली जवळपास सारखी ग्रिप मिळते. आपल्याकडे रेस बऱ्याचदा विमानांच्या धावपट्टीवर होते. लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीची हवाईपट्टी हे महाराष्ट्रातल्या वाचकांना माहीत असलेलं ठिकाण. अशा पट्टीवर धूळ असते, पाणी वाहून जावं म्हणून मध्यभागापासून दोन्ही कडांकडे उतार असतो, आणि विमानांसाठी मारलेल्या पांढऱ्या रंगाचे जाड पट्टे असतात. रंगावर टायर गेला की ग्रिप एकदम पडते, आणि बहुतेक वेळा एकाच बाजूचा टायर रंगावर जातो. गाडी लावण्याआधी पायी चालत जा, निदान पहिले ५० मीटर. रंगाचे पट्टे कुठे आहेत, आधीच्या गाड्यांचं रबर कुठे बसलंय, ते बघून दोन्ही चाकं सारख्या पृष्ठभागावर येतील अशी गाडी उभी करा. हे फुकट आहे आणि डिफरेन्शियलचं निम्मं काम करून टाकतं.

अशा पृष्ठभागावर स्पूलपेक्षा हेलिकल किंवा दीड-वे प्लेट बरं, असं आमचं स्पष्ट मत आहे. दोन चाकांची ग्रिप वेगळी असताना स्पूल दोन्हीकडे वेगळा टॉर्क देतो, त्या फरकाने स्टिअरिंग एका बाजूला हिसकतं, आणि पट्टीच्या उतारावर गाडी आधीच कडेकडे सरकत असते. हेलिकलही हिसकतं, पण फरकाला वरची मर्यादा असते.

डिफरेन्शियलआधी करायची कामं

मागच्या चाकांवर चालणाऱ्या सॉलिड एक्सलच्या ड्रॅग कारमध्ये प्रॉपेलर शाफ्टचा पीळ एका चाकावरचं वजन कमी करतो. आडव्या इंजिनाच्या पुढच्या चाकांच्या गाडीत तो पीळ नाही. इथे डाव्या-उजव्याचा फरक येतो तो ड्रायव्हरच्या जागेमुळे, बॅटरीमुळे, आणि स्प्रिंगच्या उंचीत राहिलेल्या फरकामुळे. म्हणजे तो दुरुस्त करता येतो. ड्रायव्हर सीटवर बसवून चारही चाकांखाली वजनकाटे ठेवा. कॉइलओव्हरची उंची फिरवून पुढच्या दोन चाकांतला फरक ५ ते १० किलोंच्या आत आणा. हे करताना अँटी-रोल बारच्या लिंक मोकळ्या ठेवा, नाहीतर बारचा ताण आकडे बिघडवतो.

चाक उडणं थांबवायला इंजिन माउंट, खालच्या आर्मचे बुश आणि रेडियस रॉडचे बुश तपासा. रबर फाटलेलं असेल, तर इंजिन मागेपुढे डोलतं आणि तोच डोल चाकाला लागतो. मागची स्प्रिंग कडक करा, म्हणजे शेपूट बसत नाही. मोठ्या ताकदीच्या गाड्यांना मागे व्हीली बार लावतात तेही याचसाठी: पुढची चाकं उचलली जाऊ नयेत म्हणून नव्हे, शेपूट दबून वजन मागे जाऊ नये म्हणून.

टायरचा घेर मोजा. रेसच्या दाबाला हवा भरून टायरभोवती टेप फिरवा. दोन स्लिकमध्ये ५-६ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर जोडी बदला किंवा हवा कमीजास्त करून जुळवा. ओपनमध्ये हा फरक कळतही नाही, स्पूलमध्ये मात्र तो गाडीला सतत एका बाजूला वळवत राहतो.

एक्सलचंही तसंच. एक लांब, एक आखूड असेल, तर लांब एक्सल जास्त पिळतो आणि सुटतानाच्या क्षणी आखूड एक्सलकडे झटका आधी पोहोचतो. होंडाच्या बी-सीरिजमध्ये मधला शाफ्ट असतो म्हणून दोन्ही बाहेरचे एक्सल जवळपास सारखे राहतात, तो काढून टाकू नका.

खरेदी आणि बसवणं

ऑर्डर देण्याआधी गिअरबॉक्सचा कोड, एक्सलच्या आतल्या टोकाचे स्प्लाइन, बेरिंगचा आतला व्यास आणि क्राऊनच्या बोल्टची संख्या लिहून घ्या. इंजिनाच्या नावावर विसंबू नका, कारण एकाच इंजिनाला वेगवेगळे गिअरबॉक्स लागलेले असतात.

बी-सीरिजमध्ये क्राऊनचे बोल्ट डाव्या आट्यांचे आहेत. उघडायला घड्याळाच्या दिशेने फिरवायचे. हे माहीत नसलेला मेकॅनिक लांब पाइप लावून जोर देतो आणि डोकी तोडतो. बसवताना आटे तेलविरहित करून थ्रेडलॉक लावा, समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने, शेवटी १०१ न्यूटन-मीटरला. स्पीडोमीटरचा गिअर जुन्या केसिंगवरून नव्यावर घ्यायला विसरू नका, तो राहिला तर गिअरबॉक्स पुन्हा खाली. बेरिंग नवी घाला. मग केसिंग जोडून फीलर गेजने बाजूची मोकळीक तपासा: ० ते ०.१० मिमी. जास्त असेल तर जाड शिम, म्हणजे मोकळीक भरणारी चकती.

फोक्सवॅगन समूहाच्या ०२जे गिअरबॉक्समध्ये, जो पहिल्या ऑक्टाव्हिया आरएसमध्ये होता, क्राऊन बोल्टने नव्हे तर रिव्हेटने बसवलेला असतो. जास्त ताकदीला रिव्हेट सैल होतात, आडवा शाफ्ट सरकतो आणि केसिंगला भोक पाडतो. एलएसडी घालताना रिव्हेट ड्रिल करून काढावे लागतात आणि त्या जागी बोल्टचा संच लागतो. ड्रिलचा चुरा बेरिंगमध्ये जाऊ नये म्हणून हे काम गिअरबॉक्सपासून लांब करा.

तेल. हेलिकलला कंपनीचंच मॅन्युअल गिअरबॉक्सचं तेल चालतं, बी-सीरिजला सुमारे २.२ लिटर. त्यात घर्षण कमी करणारं मिश्रण घालू नका, हेलिकलचं कामच घर्षणावर आहे. प्लेट टाईपची अडचण अशी की या गाड्यांत गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियल एकाच तेलात असतात. प्लेटना चालणारी काही जीएल-५ तेलं पितळी सिंक्रोंना खातात. म्हणून एलएसडी बनवणाऱ्याने तुमच्या गिअरबॉक्ससाठी सांगितलेलंच तेल वापरा.

नवी प्लेट रुळवायला मोकळ्या मैदानात हळू वेगाने इंग्रजी आठच्या आकारात १५-२० मिनिटं फिरवा, डावी-उजवी वळणं सारखी. मग तेल बदला. चुंबकाच्या ड्रेन प्लगवर राखाडी लेप येणं ठीक आहे, टोचणारे कण आले तर उघडा.

बसलं की तपासणी

दोन्ही चाकं उचलून, न्यूट्रलमध्ये एक हाताने फिरवा. प्रीलोड असलेलं प्लेट टाईप असेल तर दुसरं चाक त्याच दिशेने फिरेल. हेलिकलमध्ये ते उलट फिरू शकतं, ओपनसारखं, आणि त्यात काही बिघाड नाही. यावरून वाद घालून चांगलं हेलिकल परत पाठवणारे लोक आहेत.

प्लेट टाईपचा प्रीलोड गाडीवरच मोजता येतो. एक पुढचं चाक जमिनीवर, दुसरं हवेत, न्यूट्रल, आणि हवेतल्या चाकाच्या एक्सल नटवर टॉर्क रेंच. चाक फिरायला लागतं त्या क्षणीचा आकडा नोंदवा. नवं असताना, रुळल्यावर, आणि मग हंगामात दोनदा. आकडा नव्याच्या निम्म्यावर आला की प्लेट किंवा दाबाच्या स्प्रिंग बदलण्याची वेळ झाली.

धाव संपली की परत जाऊन सुटण्याच्या जागेवरचे पट्टे बघा. दोन्ही काळे आणि सारख्या लांबीचे असतील, तर डिफरेन्शियल आपलं काम करतंय, आता क्लच सोडण्याचे आरपीएम किंवा टायरची हवा कमी करा. एक गडद आणि एक फिका असेल, तर आधी वजनकाटे, मग एलएसडी. तुटक तुटक ठिपके असतील, तर चाक उडतंय. तेव्हा पुढची धाव घेऊ नका, बुश आणि माउंट बघा, कारण त्याच ठिपक्यांच्या जागी पुढच्या वेळी एक्सल तुटलेला सापडतो.